तागडीचे कान

तबरिया, १२ अव ५६९१

योमतोव,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तुला कळलं असणार, आणि तरी तू ते उघडलंस. म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खाली लिहिते.

मी ठणठणीत आहे. दोन दात गेले, बाकी सगळं जागेवर आहे. नवऱ्यामागे दुकान मीच चालवते आणि बाजारात अजून कोणी मला शिळा मासा विकू शकलेलं नाही. तुझ्या बायकोला आणि मी न पाहिलेल्या तुझ्या मुलांना आशीर्वाद.

नऊ वर्षांपूर्वी मी जे बोलले ते मागे घ्यायला हे पत्र नाही. त्या स्वैपाकीणबाईच्या काडीमोडात तू तिच्या नवऱ्याचं सकाळभर ऐकलंस, आणि तिचं ऐकलंस ते अंडं उकडायला लागतो तेवढा वेळ. मी मासळीबाजारात उभी राहून म्हणाले, ‘माझ्या भावाच्या तागडीला एकच पारडं आहे.’ बाजार महिनाभर हसला, आणि तू दमास्कसच्या न्यायासनावर जाऊन बसलास. मी तेव्हा खरं बोलले, आजही तेच म्हणेन. पण दमास्कसहून कापड घेऊन येणारे लोक सांगतात की तुझ्यासमोर आता बायका रडत जातात आणि गप्प होऊन बाहेर येतात. गप्प म्हणजे समाधानाने, असं ते म्हणतात. तेव्हा आज मला भाऊ नको, न्यायाधीश हवा आहे.

लुनाची गोष्ट आहे. ती म्हणजे घाटाजवळच्या कुंभाराची धाकटी. तू गेल्यावर तिचं शबताईशी लग्न झालं. तो तुला आठवत असेल, लाल दाढीचा, होडी स्वतःची असलेला. तीन हिवाळ्यांपूर्वी शेवात महिन्यात तो संध्याकाळी होडी घेऊन किन्नेरेतच्या पाण्यावर गेला आणि पूर्वेचा शर्किया वारा सुटला. धूळ अशी उडाली की घाटावर उभ्या असलेल्या तिघांना आधी होडी दिसेनाशी झाली, मग समोरचे डोंगर, मग स्वतःचे पाय. वारा पडल्यावर गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी होडीच्या फळ्या लागल्या. शबताई लागला नाही.

पुढचं तुला मी सांगायला नको, पण सांगते. आपल्या न्यायासनावरच्या तिघा हाखामांनी शास्त्र काढलं. माणूस पाण्यात पडला, चारी काठ नजरेत आहेत आणि तो कुठूनच वर आला नाही, तर त्याची बायको मोकळी. काठ नजरेत नसतील, तर कोण जाणे, तो पलीकडे निघाला असेल. मग बायको बांधलेली. किन्नेरेतचे चारी काठ माझ्या गच्चीवरून दिसतात. पण त्या संध्याकाळी दिसत नव्हते. एक हाखाम म्हणतात हे तळं आहे, दुसरे म्हणतात त्या दिवसापुरता तो समुद्र होता. तीन वर्षं त्यांचा वाद चाललाय, आणि लुना ना सवाष्ण ना विधवा. तिला पाच वर्षांची मुलगी आहे. मेइर नावाचा होड्यांचा सुतार आहे, विधुर, सज्जन. दोन वर्षं तो तिच्या घराचा जिना दुरुस्त करतोय. एवढा जिना आपल्या गावात दुसरा नाही.

आता ऐक. परवा सकाळी पूर्वेच्या काठावरचा मन्सूर मासे घेऊन आला. मुश्त होते, ताजे. मी तागडीत टाकले. तो पाटीवर बसून घाम पुसत म्हणाला, ‘यंदा बोरूच्या रानाकडे मासळी बरी लागतेय. तुमच्या शबताईला तिथं पुरल्यापासून आमची पोरं तिकडे जाळंच टाकत नव्हती.’

माझा हात वजनासकट हवेत राहिला.

बाबांनी दाराआड बसवून मला जे शिकवलं ते त्या क्षणी आठवलं. हरवलेल्याच्या बायकोसाठी शास्त्र दार थोडं सैल करतं. एक साक्षीदार चालतो, बाईसुद्धा चालते, आणि आपल्या धर्माबाहेरचा, यहुदी नसलेला माणूस सहज बोलता बोलता सांगेल तेही चालतं. पण सहज बोललेलं. विचारून काढलेलं चालत नाही. म्हणजे मी एक प्रश्न विचारला असता तर लुनाचं दार पुन्हा लागलं असतं.

योमतोव, तू मला ओळखतोस. मला शिंक आवरते, प्रश्न आवरत नाही. त्या दिवशी आवरला. मी वजन ठेवलं, काढलं, दुसरं ठेवलं, पारडं पुसलं, परत मासे उलटेपालटे केले. मागे उभी असलेली बाई म्हणाली, ‘विदा, मासे तोलतेस की त्यांची लग्नं जमवतेस?’ मी फक्त ‘हं’ म्हणत राहिले, आणि मन्सूर बोलत राहिला. वारा पडला त्याच सकाळी तो आणि त्याचा भाऊ काठावर गेले. बोरूत माणूस अडकला होता. ‘दाढीवरून लांबूनच ओळखला. चेहरा झोपल्यासारखा. आम्हीच उचलला आणि आम्हीच पुरला.’ कोणा उंटवाल्याकडे आपल्या गावासाठी निरोपही दिला होता म्हणे. त्याला वाटतं आपल्याला सगळं केव्हाच ठाऊक आहे.

उंटवाला निरोप कुठे विसरला ते त्याचा उंट जाणे.

मी हे हाखामांपुढे सांगितलं. एक सही करायला तयार आहेत, दुसरे म्हणतात की विदाचा लुनावर जीव आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तिसरे वारले, त्यांची जागा रिकामी आहे. दोघांनी ठरवलं: दमास्कसचा योमतोव येऊन बसला आणि त्याने सही केली, तर आम्ही करू.

तर तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला इथे यावं लागेल. ये.

विदा

---

तबरिया, ५ एलुल

योमतोव,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांनी भावाचं अक्षर पाहिलं आणि त्यात ना तब्येत ना खुशाली, नुसते प्रश्न. मी ते लुनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मावशी, राग नका मानू. तीन वर्षांत एवढे प्रश्न मला कोणी विचारलेच नाहीत.’ म्हणून राग मानला नाही.

कार्डाच्या शेवटी तू लिहितोस: ‘जे ऐकलंस तेवढंच लिही. वजन करू नकोस.’ हे वाचून मी हसले. आपल्या अंगणातलं भांडण आठवतंय का? बाबा हिब्रू शब्द फोडून शिकवत होते. म्हणाले, मोझ्नाइम, म्हणजे तागडी, या शब्दाच्या पोटात ओझ्नाइम आहेत, म्हणजे कान. जी दोन्हीकडचं ऐकते ती तागडी. तू तेरा वर्षांचा, नुकता शहाणा झालेला. म्हणालास, बाबा, असं नाही, शेजारचे अरब तागडीला मीझान म्हणतात, तो शब्द वझनावरून आला, आपलाही तिथूनच आला असणार. कान तुम्ही मागाहून चिकटवलेत. मी कानांच्या बाजूने भांडले, तू वजनाच्या. बाबा म्हणाले की जुन्या पंडितांमध्येसुद्धा दोन्ही मतांचे आहेत, आणि दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचं ऐकलं नाही म्हणून दोघांनाही अंजीर नाही.

मी अजून कानांच्याच बाजूची आहे. तू काय ते शास्त्री लोकांना विचार. पण एक तू तेव्हाही मान्य केलंस: हा शब्द एकटा येत नाही. डोळे, हात, कान जसे जोडीने बोलले जातात तसाच हा. अर्ध्या तागडीला आपल्या भाषेत नावच नाही. मी मासळीबाजारात तेवढंच म्हणाले होते, फक्त जरा मोठ्याने.

आता तुझे प्रश्न. मन्सूरला मी काहीही विचारलं नाही, सूर्य पाहतोय. तो ‘पुरला असं ऐकलं’ म्हणाला नाही, ‘आम्ही पुरला’ म्हणाला. पाण्यातून काढल्याबरोबर पाहिला, त्याच सकाळी, फुगायच्या आधी. थंडीही कडक होती. ओळखलं ते नुसतं दाढीवरून नाही. शबताई त्याच्याकडून जाळ्याचा दोर घ्यायचा, दोघं एकत्र जेवलेले. नाव त्याने आपणहून घेतलं. मागच्या बाईनेही नाव ऐकलं, पण ती म्हणते तिचं लक्ष माशांवर होतं, आणि तिचं लक्ष कायम माशांवरच असतं, म्हणून तिला ओढू नकोस.

एवढंच बोलला तो. बाकी बाजारातल्या गप्पा.

एक अडचण आहे ती लपवत नाही. शबताईची आई, सुलतानामावशी, तिला हे मान्य नाही. ती म्हणते, माझा मुलगा जिवंत आहे, बैरूतला कोणीतरी पाहिला. कोणी पाहिला ते सांगत नाही. माझ्या दुकानासमोरून जाताना ती पदर ओढून घेते, जसं काही मी तिचा मुलगा मारला. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. म्हातारी आहे आणि दुःखाने हट्टी झाली आहे.

खोली तयार केली आहे. बाबांची गादी पिंजून घेतली.

विदा

---

तबरिया, १७ एलुल

हाखाम योमतोव,

हे पत्र दमास्कसला जायचं नाही, तीन गल्ल्या ओलांडून तुझ्या धर्मशाळेत यायचं आहे. लुनाची मुलगी घेऊन येते आहे, तिला एक बदाम तरी दे.

परवा तू आलास हे मला कोळ्यांकडून कळलं. माझ्या घरी उतरला नाहीस, ते ठीक आहे. साक्षीदाराच्या घरी न्यायाधीश उतरत नाही, हे मलाही कळतं. गादी मांजर वापरेल. पण आज सकाळपासून तू सुलतानामावशीच्या ओसरीवर बसला आहेस. दुपारी दोनदा कॉफी बाहेर आली. संध्याकाळी तिने तुला बोरेकास तळून दिले. ज्या बाईने तीन वर्षं गावात कोणाला पाणी विचारलं नाही, ती तुला बोरेकास तळून देते, आणि मी, जिच्याजवळ साक्ष आहे, ती मासे साफ करत बसले आहे.

तू तिथे दिवसभर काय ऐकतोस? ती सांगणार की मुलगा जिवंत आहे. हे ऐकायला दिवस लागत नाही.

तुला वाटत असेल की विदा चिडली कारण आज दुसऱ्या पारड्यात कोणीतरी बसलं. असेलही. पण लुना सकाळपासून चुलीपाशी बसून आहे आणि तिने चूल पेटवलेली नाही. तिचं तोंड पाहून मी लिहिते आहे.

मन्सूर महिनाभर आला नाही. गावात कुजबुज झाली, ती पाण्यावरून पलीकडे गेली, आणि त्याला वाटलं पोलीस येणार. म्हणजे आता तो नाही आणि मीच आहे. तुझ्यासमोर उद्या सकाळी उभी राहीन. मला विचार. मी प्रश्नांना भीत नाही.

विदा

---

तबरिया, त्याच दिवशी

योमतोव,

मुलीने तुझी चिठ्ठी आणून दिली. बदामही मिळाले, तिने सांगितलं.

तू एकच ओळ लिहिलीस: ‘त्याच्याबरोबर मातीत काय काय ठेवलं, हे तो बोलला का?’

हा प्रश्न तू उगाच विचारणार नाहीस. आणि मी उद्या शपथेवर उभी राहणार आहे. म्हणून आजच लिहिते, म्हणजे उद्या तुला माझ्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही.

बोलला. मी तुला लिहिलं नाही, हाखामांनाही सांगितलं नाही.

मन्सूर म्हणाला, शबताईच्या पाठीला गाठोडं बांधलेलं होतं. त्यात चांगला कोट होता, शुक्रवारचा. आणि एक मखमली थैली, तिच्यावर पिवळ्या दोऱ्याचा पक्षी, आणि आत काळ्या चामड्याच्या पट्ट्या आणि छोट्या डब्या. त्याला ते काय आहे ते कळलं नाही, पण देवाचं काहीतरी असणार म्हणून त्याने ती थैली छातीवर ठेवून पुरली.

तुला कळलं ना मला तेव्हा काय कळलं ते? संध्याकाळी जाळं टाकायला जाणारा कोळी शुक्रवारचा कोट नेत नाही. सकाळच्या प्रार्थनेच्या पट्ट्या नेत नाही. ज्याला सकाळी परत यायचं नाही तो नेतो. शबताई मासे धरायला गेला नव्हता. तो पलीकडे उतरून पुढे कुठेतरी निघाला होता, बायको आणि मुलगी टाकून.

हे मी लुनाच्या कानावर घालणार होते? तीन वर्षं ती बांधलेली आहे, आणि मोकळी होताना तिने हे ऐकायचं की नवरा तसाही सोडूनच चालला होता? मला वाटलं दाढी पुरे, चेहरा पुरे, ‘आम्ही पुरला’ पुरे. उरलेलं मी काढून ठेवलं. मला त्याची लाज वाटत नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर कदाचित पुन्हा काढून ठेवीन. पण तू विचारलंस, आणि विचारल्यावर खोटं बोलायचं नाही एवढं मला कळतं.

आता पुढचं ऐक, कारण मीसुद्धा आत्ताच ऐकलं. हे लिहायला बसण्याआधी मी लुनाकडे गेले. म्हटलं, उद्या न्यायासनासमोर ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. सगळं सांगितलं. ती रडली नाही. चुलीत काटक्या घालत म्हणाली, ‘मावशी, तो कोट मीच घडी करून दिला होता.’

त्यांचं आधीच तुटलं होतं. तो बैरूतला बंदराच्या कामावर जाणार होता, तिथून तिला काडीमोडाचा कागद पाठवणार होता. पूर्वेच्या काठाने जाणार म्हणजे गावात कोणी विचारणार नाही. दोघांनी ठरवून केलं होतं, भांडून नाही. ‘मग तीन वर्षं बोलली का नाहीस?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘सांगितलं असतं तर हाखाम म्हणाले असते, तो जाणारच होता, म्हणजे गेला. मग मी जन्मभर बांधलेली राहिले असते. आणि मामीला वाटलं असतं, मी तिच्या मुलाला घालवला.’

मामी म्हणजे सुलतानामावशी. आता मला कळतंय की बैरूतचं ती काय बोलत होती. तिलाही ठाऊक होतं. ती थैली तिनेच भरतकाम करून दिली असणार ना? म्हणूनच तू हा प्रश्न विचारलास. ती दिवसभर तुला मुलगा जिवंत असल्याचा पुरावा देत होती: तो गाठोडं घेऊन गेला, म्हणजे तो पोचला.

माणूस होडी उसनी देतो, कोटही देतो. प्रार्थनेच्या पट्ट्यांची थैली कोणी कोणाला उसनी देत नाही, म्हणून ती ज्याच्याजवळ सापडली तो शबताईच. हे शास्त्र मला आठवतंय. दाढीपेक्षा ती थैली जड आहे. आणि ती मी पारड्यातून उचलून बाजूला ठेवली होती.

तू तिथे दिवसभर बसलास ते बरं केलंस. हे मी एकदाच लिहीन.

विदा

---

तबरिया, १० हेश्वान ५६९२

योमतोव,

तू गुरुवारी सही केलीस आणि लगेच दमास्कसच्या मोटारीत बसलास, शब्बाथच्या आत पोचायचं म्हणून. त्यामुळे इथलं पुढचं तू पाहिलं नाहीस. सण सगळे पार पडले, तागडीच्या राशीचा, तुळेचा महिना सरला, आता हात मोकळा झालाय.

आधी तुझं. मोटार उभी असताना तू माझ्या दुकानाच्या रांगेत येऊन उभा राहिलास. दोन बायकांच्या मागे. सगळा बाजार बघत होता, माशासुद्धा बसायच्या थांबल्या. तुझी पाळी आली आणि तू म्हणालास, ‘दोन रत्तल मुश्त. चांगले दे, प्रवास लांब आहे.’ मी तोलून दिले आणि एक वर टाकला. तू मोजलंस, बघितलंस आणि सगळे पिशवीत टाकलेस. आपलं नऊ वर्षांचं काय होतं ते तेवढ्यात मिटलं असं मी धरते. तुझं वेगळं मत असेल तर लिही, पण कार्डावर नको, पाकिटात लिही.

निकाल ऐकल्यावर सुलतानामावशी घरी गेली. तू तिला सांगितलं होतंस की इतक्या उशिरा कळलेल्या मरणाचा शोक शास्त्राने एकच तास दिला आहे. मी गेले, लुनाही आली. मला वाटलं ती लुनाला दारातून हाकलेल. तिने लुनाकडे पाहिलं आणि स्वतः थोडी सरकली. लुना तिच्या शेजारी जमिनीवर बसली. त्या दोघींनी गळ्यापाशी कापड फाडलं. शेजारच्या घरात कोणीतरी तांदूळ निवडत होतं, तेवढा आवाज. तास झाल्यावर मी म्हटलं, मावशी, उठा. ती म्हणाली, ‘तीन वर्षं बसलेच होते गं. आता उठते.’ उठताना तिने लुनाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि उभी राहिल्यावरही हात काढला नाही.

सणांनंतर मन्सूर आला. लांब उभा राहिला, टोपली खाली न ठेवता. निकालपत्रात तू त्याचं नाव घातलं नाहीस हे मी त्याला सांगितलं, पोलिसांचा यात काही संबंध नाही हेही सांगितलं. आता विचारायला बंदी नव्हती, पण मला विचारायचं काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, ‘मन्सूर, त्याच्या आईला जागा बघायची आहे.’ त्याने टोपली खाली ठेवली. आभाळाकडे पाहिलं. म्हणाला, ‘मंगळवारी वारा नसेल.’

काल मंगळवार होता. त्याच्या होडीतून आम्ही तिघी गेलो. मेइर घाटावर उभा राहिला, त्याला कोणी नको म्हटलं नव्हतं, पण तो आपणहून आला नाही. बरा माणूस आहे. लग्न पुढच्या आठवड्यात आहे. जिन्याची एक पायरी अजून बाकी आहे असं तो म्हणतो.

पाणी आरशासारखं होतं. मध्यावर आल्यावर चारी काठ दिसत होते, आपलं गाव, उत्तरेचे डोंगर, दक्षिणेची खजुरीची झाडं, सगळं. लुनाने एकदा सगळीकडे मान फिरवून बघितलं आणि मग मुलीचा झगा शिवायला घेतला. होडीत शिवू नको, सुई हरवेल, असं सुलतानामावशी म्हणाली. लुना म्हणाली, बरं मामी, आणि शिवत राहिली.

बोरूच्या रानामागे थोडी उंच जमीन आहे. तिथे दगडांचा ढीग, नीट रचलेला. मन्सूरच्या घरचे दर हिवाळ्यानंतर पडलेले दगड परत लावतात. बाजूला कण्हेर उगवलीये. सुलतानामावशी तिथे उभी राहिली. तिच्यासाठी तू लिहून दिलेली प्रार्थना मी वाचली. तिने ओठ हलवले. मग लुना पाण्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. मी तिच्यामागे गेले नाही.

मन्सूर लांब, झाडाखाली होता. सुलतानामावशीने त्याला हाक मारली. तो आला, डोक्यावरचं फडकं हातात घेऊन.

ती म्हणाली, ‘त्याला ठेवताना काही म्हटलंत का?’

मन्सूर अडखळला. म्हणाला, ‘आमचं जे म्हणतात ते म्हटलं, खाला. तुमचं आम्हाला येत नव्हतं. आणि ऊन चढत होतं, थांबता येईना.’

मला वाटलं आता ती काहीतरी कडू बोलेल.

‘मोठ्याने म्हटलंत?’

‘हो. भाऊ होता ना बरोबर. दोघांनी म्हटलं.’

‘मग त्याला ऐकू गेलं असेल,’ ती म्हणाली.

तिने खाली वाकून एक लहान दगड उचलला, ढिगावर ठेवला, आणि मन्सूरला विचारलं की तुझी आई आहे का. आहे, म्हणाला. परतीच्या सबंध वाटेवर ती त्याच्याकडून त्या बाईच्या गुडघेदुखीची हकिगत ऐकत होती.

विदा